कशाचे पेढे?

आमच्याकडे कोणी हातावर पेढा ठेवला की तो तोंडात जायच्या आधी तोंडातून एक प्रश्न बाहेर पडतो, "कशाचे?" मुलगा झाला, नोकरी लागली, पोरगी दहावी झाली, नवी स्कूटर आली, काहीतरी असतंच. कारण कळल्याशिवाय पेढा घशाखाली उतरत नाही. मी चौदा वर्षं शारजात राहते, ऑफिसात दिवसभर इंग्रजी आणि हिंदीची खिचडी शिजवते, पण हा प्रश्न अजून मराठीतच येतो. एका माणसाने तो विचारला नाही आणि माझ्या वडिलांचं इथलं बस्तान उठायची वेळ आली, त्याची ही हकिगत.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सैन्याच्या इंजिनिअर्समध्ये होते. सुभेदार म्हणून रिटायर झाले. वय एकाहत्तर, पाठ अजून ताठ, आवाज परेड ग्राउंडवरचा. आई गेल्यावर साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. एकटे म्हणजे कसे, तर फोनवर "जेवलात का?" विचारलं की "हो हो, केव्हाच" म्हणायचे आणि मागे कुकरची एक शिट्टी ऐकू येईल तर शपथ. शेवटी गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. विमानात बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केलं, "मे अखेरीला मी परत जाणार. तिकडचा उन्हाळा मला झेपायचा नाही."

राजस्थानच्या वाळवंटात उन्हाळे काढलेला माणूस हे बोलतोय! मला कळत होतं, उन्हाळा हे निमित्त आहे. इथे मन लागलं नाही तर ते त्या रिकाम्या घरात परत जाणार आणि मला रोज "हो हो, केव्हाच" ऐकवणार. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती.

आता पेढ्यांचं सांगते. १९९८ च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा अप्पा तिथे होते. शास्त्रज्ञ नव्हेत हो! ज्या खोल खड्ड्यांत ते बॉम्ब उतरवले, त्या खड्ड्यांवर राबणाऱ्या जवानांपैकी एक. वरून उपग्रहाला काही दिसू नये म्हणून वाळूचे ढीगसुद्धा वाऱ्याच्या दिशेने लावायचे, असं ते सांगतात. घरी अर्थातच चकार शब्द नव्हता. आईला त्यांनी सांगितलं होतं, विहिरी खणतोय. आई ते गावभर सांगायची, "आमचे हे तिकडं विहिरी खणतायत, पाण्याचे फार हाल आहेत बिचाऱ्यांचे." मग अकरा मेला बातमी आली, दोन दिवसांनी अप्पांचा फोन आला, आणि त्यांचं सगळं ऐकून घेऊन आईने विचारलं, "म्हणजे एवढं खणलं आणि पाणी लागलंच नाही?"

हा किस्सा अप्पा पंचवीस वर्षं सांगतायत आणि दर वेळी स्वतःच आधी हसतात. तेव्हापासून दर अकरा मेला ते सोसायटीत कंदी पेढे वाटतात. सुरुवातीला लोक विचारायचे, "कशाचे, सुभेदार?" नंतर सगळ्यांना पाठच झालं.

तर फेब्रुवारीत अप्पा आमच्या अल मजाज भागातल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर आले आणि तिसऱ्या दिवशीच माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. आईचे देव त्यांनी बॅगेतून आणले होते. आयुष्यात कधी देवाला हात न जोडणारा माणूस आई गेल्यापासून तिची पूजा नेमाने करत होता, कारण "तिची ड्यूटी रिकामी राहायला नको." पूजेला फुलं हवीत. मग काय, साताऱ्याच्या रिटायर मंडळींची जी सवय, ती इथेही. पहाटे उठायचं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि फिरता फिरता दिसेल त्या झाडाचं फूल खुडायचं. समोरच्या लगूनच्या, म्हणजे खाडीच्या, कडेने लावलेल्या लाल कण्हेरीवर त्यांची नजर गेली. पिशवी भरून घरी!

"अप्पा, ही सरकारी झाडं आहेत! दंड होतो इथे. रुपयांत सांगितला तर तुम्हाला चक्कर येईल."

"देवासाठी तोडलेल्या फुलाला कसला दंड?"

"आजोबा, इट्स पॉयझनस टू," माझी अकरा वर्षांची लेक सीरियल खाता खाता म्हणाली.

"महादेवाने हलाहल पचवलं, त्याला कण्हेरीचं काय घेऊन बसलीस," अप्पा म्हणाले. पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

चौथ्या दिवशी मात्र परतले ते पिशवी रिकामी घेऊन. "आज पकडलं मला," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते असं. पांढरी टोपी, पांढरे हातमोजे, हातात लांब चिमटा आणि एक पिशवी, असा एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. अप्पांना वाटलं, मुन्शिपाल्टीचा इन्स्पेक्टर. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, फुलाकडे बोट दाखवलं आणि हात हलवला. नको. एवढंच. पुन्हा वाकला. मग चिमट्याने रस्त्यावरचा एक कागद उचलला, स्वतःच्या पिशवीत टाकला आणि पुढे निघून गेला.

"इन्स्पेक्टर नाही तो," नवरा हसून म्हणाला. "जपानी आहेत ते. शेजारच्या टॉवरमध्ये मुलाकडे आलेत. रोज सकाळी लोकांचा कचरा उचलतात."

"म्हणजे त्याचा काही अधिकार नाही?"

"नाही."

अप्पा विचारात पडले. "पण वाकला कसा सरळ रेषेत," म्हणाले. "असा माणूस उगाच नको म्हणणार नाही."

फुलं तर हवीतच, आणि तोडायची नाहीत. खाली पडलेलं चालत नाही, जमिनीला लागलेलं फूल देवाला वाहत नाहीत. फक्त प्राजक्ताला सूट. दोन दिवस हा पेच त्यांनी लष्करी गांभीर्याने सोडवला, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा धुवट पंचा खांद्यावर टाकून खाली गेले. मी गॅलरीतून बघतेय. त्यांनी कण्हेरीच्या बुंध्याशी पंचा अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि बाकावर बसून राहिले. थोड्या वेळाने पांढरी टोपी आली. थांबली. पंच्याकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. अप्पांनी वर फांदीकडे बोट दाखवलं, मग खाली पंच्याकडे, मग हात जोडले. चौदाव्या मजल्यावरून मला तोंडं दिसत नव्हती, पण पांढऱ्या टोपीने एका कोपऱ्यावरचा दगड उचलून जरा पुढे सरकवला, पंचा नीट ताणला, आणि ती अप्पांच्या शेजारी बसली. फूल पडायची वाट बघत दोन म्हातारे बसलेत! मी चहा उतू घालवला त्या दिवशी.

झालं. तिथून त्यांचं जमलं ते जमलंच. भाषा? कसली भाषा न कसलं काय. अप्पांची मिलिटरी हिंदी, जपानी आजोबांची चार इंग्रजी वाक्यं. अप्पा "राम राम" म्हणायचे, ते वाकायचे. ते हात वर-खाली करून त्यांच्याकडचा सकाळचा व्यायाम दाखवायचे, अप्पा शेजारी उभे राहून "एक दो एक, एक दो एक" करत आपली पीटी करायचे. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले लाहोरचे चाचा, वय सत्तरीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे, तेही मार्चपासून त्यांच्यात जाऊ लागले आणि बाकावर बसून दोघांना सूचना द्यायला लागले.

घरी आल्यावर अप्पांचं एकच पुराण. आज त्यांच्या मित्राने सात सिगारेटची थोटकं उचलली. आज मित्राला कोकम सरबत पाजलं, त्याने तोंड वाकडं न करता संपवलं, खरा सैनिक. कुकरच्या शिट्ट्या मोजून जेवायला लागले माझे अप्पा. परतीच्या तिकिटाचं नाव काढेनात. मी पण काढलं नाही. मनातल्या मनात त्या जपानी आजोबांना रोज दहा वेळा वाकून नमस्कार करत होते.

आणि मग आला अकरा मे.

साताऱ्याहून येणाऱ्या एकाबरोबर अप्पांनी महिनाभर आधीच सांगून कंदी पेढे मागवले होते. शनिवार होता, सगळे घरी. सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घातला आणि मजल्यावरची दारं वाजवायला सुरुवात केली. पहिलं दार चाचांचं. मी जीव मुठीत धरून मागे उभी, कारण लाहोरच्या माणसाला पोखरणचे पेढे देणारा माझा बाप जगात एकटाच असणार.

चाचांनी पेढा घेतला. "किस खुशी में, सुभेदार साहब?"

अप्पांनी सांगितलं, अगदी तारखेसकट.

चाचा पेढ्याकडे बघत राहिले. मग गदागदा हसत सुटले. "कमाल है! हमारे धमाकों की तारीख अठ्ठाईस है. सत्रह दिन बाद बर्फी लेके आऊँगा, हिसाब बराबर." आणि पेढा तोंडात टाकला. माझा जीव भांड्यात पडला.

तो तिथेच पडून राहिला असता तर बरं झालं असतं. अप्पा म्हणाले, "चला, आता मित्राकडे." त्यांनी आईचा स्टीलचा डबा काढला, तिचं नाव कोरलेला, लग्नातला. त्यात पंधरा-वीस पेढे भरले, मित्राच्या घरच्यांसाठी. मी आणि लेक बरोबर निघालो. आमच्यातल्या कोणाच्याही डोक्यात आलं नाही. खरंच नाही. तीन महिने तो माणूस आमच्या घरातल्या गप्पांत होता, पण जपान म्हणजे जपान. जपानात कुठला, हे कोणी विचारलंच नव्हतं. साताऱ्याचा माणूस भेटला की आम्ही तालुका, गाव, आळी, सगळं खोदून काढतो आणि इथे कसे गप्प राहिलो कोण जाणे.

जपानी आजोबा बाकावर होते. अप्पांनी डबा त्यांच्या हातात दिला, एक पेढा उचलून स्वतः त्यांच्या तोंडापाशी नेला, जसं आपण आपल्या माणसाला भरवतो. आजोबांनी काही विचारलं नाही. पुढे आलेली वस्तू आधी आदराने घ्यायची, असंच त्यांचं वळण असणार. त्यांनी तोंड उघडलं, पेढा खाल्ला, डोळे मिटले. "ओह," म्हणाले, "गुड. व्हेरी गुड."

"त्यांना सांग गं कशाचे ते," अप्पा लेकीला म्हणाले, छाती पुढे काढून.

आणि तिने सांगितलं. शाळेत प्रेझेंटेशन द्यावं तशा स्वच्छ इंग्रजीत. माझ्या आजोबांनी अॅटम बॉम्बच्या टेस्टसाठी खड्डा खणला होता, आज त्याचा वाढदिवस आहे.

जपानी आजोबांचा जबडा हलायचा थांबला. "बॉम्ब?" त्यांनी विचारलं. "अॅटम?"

"येस!" अप्पा म्हणाले.

आजोबांनी तोंडातलं गिळलं. मग हातमोजा काढून हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "आय," म्हणाले, "हिरोशिमा." आणि मग तळहात जमिनीपासून जरा वर धरून दाखवला, एवढासा. "मदर. बॅक." आईच्या पाठीवर.

ते उभे राहिले, वाकले, डबा छातीशी धरून चालायला लागले. चिमटा बाकावरच राहिला. माझी लेक रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. अप्पा तोंडात मारल्यासारखे उभे होते.

त्यानंतरचे चार दिवस अप्पा रोज पहाटे चिमटा घेऊन खाली गेले. मित्र आला नाही. पाचव्या दिवसापासून हेही जायचे बंद झाले. गेले तर संध्याकाळी, पार्किंगच्या बाजूने, चोरासारखे. देवांना पाकिटातला झेंडू. एके दिवशी जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, ते मे अखेरीचं तिकीट बघा जरा." मी ताटावरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. सरळ सांगते, मला राग आला होता. अप्पांचा, पेढ्यांचा, त्या खड्ड्यांचा, आणि त्या जपानी आजोबांचासुद्धा. एक माणूस कसाबसा हसायला लागला होता हो माझा!

अप्पा मागे येऊन उभे राहिले. "अगं, एक सांगायचं राहिलंय," म्हणाले. "त्या दिवशी मला जवळच्या गावात पाठवलं होतं. लोकांना सांगायला, की घराबाहेर मोकळ्यावर उभे राहा. का, ते सांगायचं नव्हतं. मग जमीन हलली. आम्ही नाचलो. तिथं एक म्हातारी होती, ती तिच्या भिंतीकडं बघत होती. भिंतीला चीर गेलेली. मला म्हणाली, ही आता बुजवणार कोण? मी म्हणालो, मावशी, आज दिवाळी आहे!" मग म्हणाले, "पंचवीस वर्षं मी तुझ्या आईचा किस्सा सांगतोय. म्हातारीचा कधी सांगितला नाही."

मी नळ बंद केला. तिकीट निघालं, शनिवारचं.

अठ्ठावीस तारखेला बेल वाजली. दारात चाचा, आदल्याच दिवशी लाहोरहून परतलेले, हातात बर्फीचा हा एवढा बॉक्स. "लो भाई, हमारी बारी!" अप्पांचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला. आत बसवून मी त्यांना सगळं सांगितलं. चाचांनी मांडीवरचा बॉक्स उघडला. मग त्यांनी एक बर्फी उचलली, तिचे दोन तुकडे केले, एक अप्पांच्या हातावर ठेवला.

"इस साल ऐसे ही खाते हैं," म्हणाले. "किसी बात की नहीं."

दोघांनी ती तशीच खाल्ली, बिनकारणाची. जाताना दारात चाचा मला म्हणाले, "बेटी, वो डब्बा तेरी अम्मी का है ना? डब्बा तो लाना पड़ेगा. खाली हाथ कैसे जाने देगी इसको?"

डब्याचं माझ्या डोक्यातून गेलंच होतं! पण मागायला जायचं कुठे? मित्राचा मजला माहीत नाही, आणि कुठल्या तोंडाने मागायचा?

शुक्रवारी, म्हणजे जायच्या आदल्या दिवशी, मी पहाटे उठले. म्हटलं, शेवटच्या पूजेला तरी अप्पांना कण्हेर मिळू दे. त्यांचा पंचा घेतला आणि खाली गेले.

कण्हेरीखाली आधीच एक कापड अंथरलेलं होतं. गडद निळं, चौकोनी, चारी कोपऱ्यांवर दगड. त्यावर पाच-सहा लाल फुलं पडलेली. आणि बाकावर जपानी आजोबा, मांडीवर दुसऱ्या एका कापडात गाठ मारून बांधलेलं काहीतरी. मला बघून ते उठले, वाकले, आणि माझ्या खांद्यावरून मागे बघू लागले. मागे कोणी नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी खिशातून फोन काढला, त्यात हळूहळू जपानीत बोलले, आणि फोन माझ्यासमोर धरला. फोनमधली भाषांतर करणारी बाई सरळसोट मराठीत बोलायला लागली.

"तीन दिवस मी रागात होतो. चौथ्या दिवशी मी रागात नव्हतो. मी डब्यासाठी थांबलो होतो."

ते पुन्हा बोलले. बाई म्हणाली, "रिकामा डबा परत देणे आमच्याकडे चालत नाही. आत घालायची वस्तू हिरोशिमाहून टपालाने येत होती. वस्तू फार उशिरा आली. क्षमस्व. ती काल आली. आज मी पहाटेपासून येथे आहे."

आता ह्यावर हसावं की रडावं? मी दोन्ही केलं, भर रस्त्यात, एकदम. आमच्याकडेही रिकामा डबा परत करत नाहीत! माझी आई वाटीभर साखर का होईना, घालून द्यायची. मी अप्पांना फोन लावला. "खाली या. आत्ता."

"अगं, पायजमा आहे अंगात."

"असू दे! यल्ला, चला!"

सुभेदार साहेब पायजम्यात आले, पण हातात तो चिमटा घेऊन आले. मित्राला बघून जागच्या जागी ताठ झाले, सॅल्यूट ठोकला. तो वाकला. मग हेही वाकले. मग तो पुन्हा. मला वाटलं आता डोकी आपटतात. अप्पांनी चिमटा दोन्ही हातांनी पुढे केला, फुलं वाहावीत तसा, आणि मला म्हणाले, "तो फोन लाव इकडं. मी बोलतो ते त्याला सांग."

मी फोन धरला. अप्पा खाकरले.

"मी खड्डा खणला," ते म्हणाले. "हुकूम होता, खणला, चोख खणला. त्याची मी तुमच्यापुढं लाज वाटल्यासारखं करणार नाही, खोटं होईल ते. पण तुम्हाला न सांगता तो पेढा मी तुमच्या तोंडात घातला. त्याची मला फार लाज वाटते." बाई जपानीत हे सांगत होती तोवर ते जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, "घरी मी सांगितलं होतं, विहीर खणतोय. माझी बायको शेवटी काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, एवढं खणलं आणि पाणी लागलंच नाही?"

ह्या वेळी ते आधी हसले नाहीत. बाईने ते जपानीत सांगितलं. आजोबा ऐकत होते. त्यांच्या तोंडाच्या कडा थरथरल्या. मला वाटलं, गेलं सगळं. आणि ते हसले! खांदे हलवत, टोपी हातात काढून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग फोनमध्ये काहीतरी बोलले.

"तुमची पत्नी," बाई म्हणाली, "योग्य प्रश्न विचारते."

"विचारायची," अप्पा म्हणाले, आणि तेही हसायला लागले, नाक पुसत.

मग आजोबांनी कण्हेरीकडे हात केला. बाईने सांगितलं ते मी विसरणार नाही. बॉम्बनंतर लोक म्हणाले होते, इथे आता काही उगवणार नाही. मग हे फूल आलं. आईने ते तोडलं नाही. मीही तोडत नाही. तुम्ही कापड अंथरलं, ते मला आवडलं.

गाठ सुटली, आईचा डबा उघडला. आत पानाच्या आकाराचे छोटे छोटे केक, हाताच्या पंजासारखी पानं. अप्पांनी एक घेतला, चावला, आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अगं, हे तर पुरण आहे!" खरंच, आत गोड वाटलेली डाळ होती. "हिरोशिमात पुरण करतात!" अर्धं खाऊन झाल्यावर त्यांना आठवलं. "अरे, कशाचे ते विचारलंच नाही."

मी विचारलं. आजोबांनी जरा विचार करून उत्तर दिलं. "डबा परत केल्याचे," बाई म्हणाली.

अप्पांनी हात पुसले. "उद्या किती वाजता येणार आहेस, विचार त्याला."

"अप्पा, उद्या तुमचं विमान आहे."

"विमानं रोज असतात," अप्पा म्हणाले. "खलास."

माझ्या लेकीने त्या दिवशी ठरवलं की तिच्यामुळे झालेला घोळ तिनेच निस्तरायचा. तिने जपानी आजोबांना शिकवलं, माझ्या आजोबांनी काहीही खायला दिलं तर आधी विचारायचं, "कशाचे?" ते त्यांनी असं काही मनावर घेतलं की विचारू नका. चहा दिला, "काशाचे?" चिवडा दिला, "काशाचे?" साधं पाणी दिलं तरी गंभीर चेहऱ्याने "काशाचे?" आणि अप्पा प्रत्येक वेळी नवीन कारण शोधायचे. आज मंगळवार असल्याचे. आज चाचांचं पोट कमी न झाल्याचे. लगूनवरचा तो बाक ह्या तिघांच्या हसण्याने पहाटे दणाणून जायचा. जून गेला, जुलै गेला. उन्हाळा न झेपणारे माझे अप्पा घामाने निथळत, टॉवेल गळ्यात टाकून रोज साडेपाचला हजर.

सहा ऑगस्टला, हिरोशिमावर बॉम्ब पडला त्या तारखेला, मी आणि लेक मुद्दाम त्यांच्याबरोबर खाली गेलो. हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटत होती. निळं कापड आणि पंचा, दोन्ही शेजारी शेजारी अंथरलेली. ठरलं होतं, एक फूल पडू द्यायचं आणि मग घरी जायचं. पण वाऱ्याचा पत्ता नाही. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. जपानी आजोबा टोपी हातात धरून उभे होते. शेवटी त्यांनी स्वतःच एक फांदी वाकवून अप्पांसमोर धरली. तोड, म्हणून. अप्पांनी दोन्ही हात मागे घेतले आणि मान हलवली. आजोबांनी फांदी सोडून दिली.

चाचांचा धीर सुटला. कण्हेरीकडे बघून ते कळवळून म्हणाले, "हबीबी, अब गिर भी जा!"

आणि पडलं की एक! टप्पकन, निळ्या कापडावर. माझ्या लेकीने टाळ्या वाजवल्या, मग चाचांनी, मग मी. आजोबा खाली वाकले, फूल उचललं, कपाळाला लावलं आणि अप्पांच्या हातात दिलं, आईच्या देवांसाठी.

अप्पांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला एक कंदी पेढा काढला. मला माहीतच नव्हतं त्यांनी तो आणलाय. त्यांनी पेढा मित्रापुढे धरला, तोंडापाशी नेला नाही, नुसता तळहातावर ठेवून धरला, आणि वाट बघत राहिले. प्रश्नाची. आम्ही सगळेच वाट बघत होतो.

जपानी आजोबांनी पेढ्याकडे पाहिलं, अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. आणि काही न विचारता पेढा उचलून खाऊन टाकला.